गागोद्यातलं भाव्यांचं घर

पेण म्हटलं की गणपती आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण पेणमध्ये गाडी खोपोलीच्या रस्त्याला वळवली तर भातखाचरं आणि डोंगरांच्या कुशीत गागोदे बुद्रुक लागतं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म या गावात झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. पुढे जगाने त्यांना विनोबा म्हणून ओळखलं. त्यांचं जन्मघर जपलेलं आहे. त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याची सुरुवात या घरात कशी झाली, हे समजून घ्यायला इथे आवर्जून यावं.

खरं तर हे घर आजोबांचं, शंभुरावांचं. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला असायचे, रंगांचे प्रयोग करायचे. आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन सासरी, त्यांच्या छायेत राहायची. विनोबांची पहिली नऊ-दहा वर्षं अशी गेली. एका दिवाळीला वडील येणार, म्हणजे मिठाई येणार, अशी आईने मुलाची समजूत घातली होती. वडिलांनी हातात दिलेलं पुडकं मात्र चपटं निघालं. आत मुलांसाठी लिहिलेलं रामायण आणि महाभारत होतं. याहून चांगली मिठाई कुठली, असं आई म्हणाली.

शंभुराव व्रतस्थ माणूस. चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवत-कमी करत जाणारं चांद्रायण ते करत. पूजा चंद्राच्या वेळेवर असायची, मग मध्यरात्र का असेना. झोपलेल्या नातवाला उठवून आरतीला बसवायचं आणि प्रसाद द्यायचा, हा शिरस्ता. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू चढला. घरात गलका झाला, मारायला माणसं धावली. आजोबांनी सगळ्यांना थांबवलं. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावायचा नाही. पूजा पुरी झाली आणि विंचू आपला निघून गेला.

गणपतीही हे आजोबा घरीच करायचे, चंदनाचा. मुलांनी सहाणेवर चंदन उगाळायचं. ते काम किती सावकाश चालतं हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. हात भरून येतो तेव्हा कुठे बोटावर घेण्याइतकं गंध जमतं. इतक्या कष्टाने घडवलेली मूर्ती पुजायची आणि शेवटी पाण्यात सोडून द्यायची. मुलाच्या जिवाला ते लागायचं. हौसेने आवाहन करायचं आणि वेळ आली की तितक्याच मोकळ्या हाताने विसर्जन करायचं, हा धडा विनोबांनी त्यातून घेतला. ज्या तालुक्यातून मूर्ती देशोदेशी जातात त्याच तालुक्यातल्या या घरगुती गणपतीची आठवण अधिक सांगितली जायला हवी, असं मला वाटतं.

परसातल्या फणसाची गोष्ट आईची. कोकणात फणस फोडणं हा घराचा सोहळाच असतो. हाताला खोबरेल चोळायचं, चीक पुसत राहायचं, आणि पहिला गरा सुटेपर्यंत पोरांनी भोवती ताटकळायचं. रुक्मिणीबाई ते गरे आधी द्रोणांत भरत आणि मुलांच्या हाती शेजारीपाजारी पाठवत. सगळ्या घरी पोचले, की मग आपल्या पोरांच्या वाट्याला. देतो तो देव आणि राखतो तो राक्षस, असं ती सांगे.

या घरात एक आंधळे काकाही राहत. मुलं त्यांना काका म्हणत आणि जेवणखाण, उठबस सगळं घरच्यासारखंच चाले. पुढे कुटुंब बडोद्याला गेल्यावर त्यांच्या निधनाची वार्ता आली, पण घरात ना सुतक, ना स्नान. मुलाने आईला कारण विचारलं तेव्हा कळलं, की ते नात्याचे नव्हतेच. त्यांना कुणी नव्हतं म्हणून ते घरात होते, इतकंच. इतकी वर्षं एका छपराखाली राहूनही मुलाला हे जाणवलं नव्हतं. या घराची थोरवी मला या एका गोष्टीत सर्वांत जास्त दिसते.

घराण्याची वास्तू कशी असते, याचं अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण चीनमध्ये आहे. ग्वांगझौ शहरात चेन आडनावाच्या लोकांनी प्रांतभरातून वर्गणी काढून पूर्वजांचं भव्य सभागृह बांधलं. ते १८९४ साली, म्हणजे विनोबांच्या जन्माच्या आदल्या वर्षी पुरं झालं. लाकडाचं आणि दगडाचं कोरीव काम थक्क करणारं आहे. अशा सभागृहात पिढीच्या क्रमाने पूर्वजांच्या नावाच्या पाट्या मांडतात. नाव वंशाचं, मान वंशाचा. त्या बांधणीमागची कृतज्ञता मोलाची आहे. पण वंश हीच कसोटी लावली तर आंधळ्या काकांची पाटी तिथे कुठे लागली असती?

भाव्यांच्या या शाखेत तर वंशावळ पुढे सरकलीच नाही. विनोबा, बाळकोबा आणि शिवाजीराव हे तिघेही भाऊ ब्रह्मचारी राहिले. बाळकोबांनी उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम केलं, शिवाजीराव धुळ्यात गीताईच्या, म्हणजे विनोबांच्या मराठी गीतेच्या, अभ्यासात रमले. आणि विनोबा? १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत जमीनदार रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झालं. मग पुढची तेरा-चौदा वर्षं हा माणूस गावोगाव पायी फिरला आणि लाखो एकर जमीन मागून घेतली. मागण्याची त्यांची रीत घरगुती होती. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. मिळालेला वाटा भूमिहीनांचा. दान मिळालेल्या सगळ्या जमिनी वाटल्या गेल्या नाहीत, काही खडकाळ निघाल्या, हेही खरं. पण अनोळखी घरात मुलगा म्हणून उभं राहण्याचं बळ त्यांच्यात कुठून आलं, हे गागोद्यात उमगतं.

गागोदे पाहायला मुंबईहून पेणपर्यंत रेल्वे किंवा गोवा महामार्ग, पुढे खोपोली रस्ता. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो. मुलांना बरोबर न्यावं, आणि विंचवाची व काकांची गोष्ट त्यांना तिथेच सांगावी. परतताना पेणमधल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात डोकावायला वेळ ठेवावा.