खूप झाडांचा देश

मुलांनो, जगाचा नकाशा समोर घ्या. उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जमिनीची एक अरुंद पट्टी तुम्हांला दिसेल. हा मध्य अमेरिकेचा प्रदेश. येथे सात लहान देश आहेत. त्यांपैकी मेक्सिकोच्या दक्षिणेला लागून असलेला देश म्हणजे ग्वाटेमाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. २०१८ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे दीड कोटी भरली.

ग्वाटेमाला या नावाचा अर्थ 'खूप झाडांची जागा' असा सांगतात. आपल्याला हे नाव परके वाटायला नको. आपल्या भंडारा जिल्ह्याच्या भागालाही झाडीपट्टी म्हणतात आणि येथील मराठी बोलीला झाडीबोली. गंमत अशी की तिकडेही एका भाषेचे नाव झाडांवरूनच पडले आहे. ती भाषा म्हणजे किचे. त्या भाषेत 'कि' म्हणजे पुष्कळ आणि 'चे' म्हणजे झाड.

किचे ही माया लोकांची भाषा आहे. माया हे या भूमीतील फार जुने रहिवासी. आजही ग्वाटेमालातील दहापैकी चार माणसे स्वतःला माया म्हणवतात. पण माया भाषा एक नाही. एकट्या ग्वाटेमालात २२ माया भाषा बोलल्या जातात. याशिवाय गारिफुना आणि शिंका या आणखी दोन भाषा आहेत. सरकारी कामकाजाची भाषा मात्र स्पॅनिश. ती स्पेन देशातून आली. १५२४ मध्ये स्पेनच्या सैन्याने हा मुलूख जिंकायला सुरुवात केली आणि पुढे सुमारे तीनशे वर्षे तेथे स्पेनची सत्ता राहिली. १५ सप्टेंबर १८२१ रोजी देश स्वतंत्र झाला. राज्यकर्ते गेले, तरी त्यांची भाषा कचेरीत, न्यायालयात आणि शाळेत कायम राहिली.

आता थोडे स्वतःकडे पाहा. तुम्ही घरी उर्दू बोलता. शाळेत गणित, विज्ञान, इतिहास हे विषय उर्दूतून शिकता. मराठी ही तुमची दुसरी भाषा. ती बाजारात लागते, एस.टी.त लागते, तहसील कचेरीत लागते. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर थोडा वेळ उभे राहिलात, तर आणखी तीन-चार भाषा कानांवर पडतात. अनेक भाषांत वावरणे तुम्हांला नवे नाही. पण अशी कल्पना करा, की तुम्ही पहिलीत गेलात आणि वर्गात तुमच्या घरच्या भाषेचा एक शब्दही कोणी उच्चारला नाही. गुरुजी फळ्यावर काही लिहीत आहेत, मुले त्यांच्यामागून म्हणत आहेत आणि तुम्हांला त्यातले काहीच कळत नाही. पाणी प्यायला जायचे आहे, पण ते विचारायचे कसे?

ग्वाटेमालातील लक्षावधी माया मुलांचा शाळेतील पहिला दिवस असाच जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे पहिलीच्या आधीचे एक वर्ष केवळ स्पॅनिश शिकवण्यासाठी ठेवले जाऊ लागले. मुलांनी आपली भाषा बाजूला ठेवावी आणि मगच शिकायला लागावे, हा त्यामागचा विचार होता. मुले स्पॅनिश वाक्ये पाठ करीत, ओळी सुंदर अक्षरात उतरवून काढीत, पण अर्थ विचारला की गप्प बसत. मग ती नापास होत, त्याच वर्गात पुन्हा बसत आणि शेवटी शाळा सोडून शेतावर जात. मास्तर म्हणत, मुले मंद आहेत. मुले मंद नव्हती, त्यांना प्रश्नच कळलेला नसे. मुलींची आणखी एक अडचण होती. कित्येक शाळांत गणवेशासाठी त्यांना आपला 'विपील' घरी ठेवून यावा लागे.

विपील म्हणजे माया स्त्रियांचा हाताने विणलेला सैलसर सदरा. तो विणण्याचा माग मोठा मजेदार असतो. त्याला चौकट नसते. ताण्याचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधतात आणि दुसरे टोक पट्ट्याने विणणारीच्या कमरेला. ती जमिनीवर गुडघे टेकून बसते. थोडी मागे रेलली की धागे ताठ होतात, पुढे झुकली की सैल पडतात. आपल्याच मोहाडी तालुक्यातील आंधळगावचा माग तुम्ही पाहिला असेल, तर फरक लगेच ध्यानात येईल. आंधळगावच्या मागावर विणलेल्या साडीची करवतकाठी पाहून जाणकार जसे ती साडी कोठली ते सांगतात, तसे विपीलवरची नक्षी पाहून बाई कोणत्या गावची ते माया लोक ओळखतात. पक्षी, मक्याचे कणीस, डोंगर, वीज असे कितीतरी आकार त्यात असतात. आई मुलीला हे विणकाम शिकवते, तेव्हा प्रत्येक आकाराचे नाव माया भाषेतच सांगते. म्हणून मुलीच्या अंगावरचा विपील उतरला, की त्याबरोबर शब्दही कमी होऊ लागत.

मक्याचेही तसेच. आपल्या भंडाऱ्यात धान, तर तिकडे मका. देवांनी माणसाला मक्याच्या पिठापासून घडवले, अशी किचे लोकांची जुनी कथा आहे. ती 'पोपोल वुह' नावाच्या त्यांच्या ग्रंथात आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात, वाटतात आणि त्याच्या लहान भाकऱ्या तव्यावर भाजतात. या भाकरीला तोर्तिया म्हणतात. चुन्यामुळे मक्याचे साल सुटते आणि त्यातले जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. हे ज्ञान तेथील बायकांना हजारो वर्षांपासून आहे. युरोपात मका गेला, पण चुन्याची ही रीत गेली नाही, म्हणून केवळ मक्यावर जगणारे तिकडचे गरीब लोक पेलाग्रा नावाच्या रोगाने आजारी पडले.

सणांमध्ये मला सर्वांत आवडतो तो १ नोव्हेंबरचा. त्या दिवशी लोक कब्रस्तानात जातात, आपल्या माणसांच्या कबरी साफ करून फुलांनी सजवतात. शबे-बरातला तुमच्या घरातील मोठी माणसे कब्रस्तानात जातात, हे तुम्हांला आठवेल. ग्वाटेमालात मात्र त्या दिवशी पतंगही उडवतात! सांतियागो साकातेपेकेस आणि सुम्पांगो या दोन गावांचे पतंग प्रसिद्ध आहेत. बांबूच्या सांगाड्यावर रंगीत पातळ कागद चिकटवून ते तयार करतात. लहान पतंग आकाशात जातात. काही पतंग मात्र घरापेक्षा उंच असतात. ते उडत नाहीत, दोरांनी ओढून नुसते उभे करतात. त्यांवर चित्रे असतात आणि अनेकदा मजकूरही असतो. महिनोन् महिने गावातली मुले रात्री एकत्र जमून हे काम करतात. पतंगाच्या दोरीवरून मृतांना निरोप पोचतो, अशी तेथे समजूत आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने पतंग बनवण्याच्या या कलेचा मानवजातीच्या वारशाच्या यादीत समावेश केला.

शाळांचा मोठा उत्सव म्हणजे स्वातंत्र्यदिन. आदल्या दिवशी मुले पेटत्या मशाली घेऊन रस्त्यांवरून धावतात. दुसऱ्या दिवशी शाळांची वाद्यपथके संचलन करतात. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि ऑक्टोबरमध्ये संपते.

पुन्हा भाषेकडे येऊ. १९६० ते १९९६ ही छत्तीस वर्षे ग्वाटेमालात यादवी युद्ध चालले. सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. सुमारे दोन लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा त्याचा अंदाज होता. ज्या मृतांची ओळख पटली, त्यांपैकी ८३ टक्के माया होते. या युद्धात रिगोबेर्ता मेंचू या किचे मुलीचे आई, वडील आणि भाऊ गेले. ती देश सोडून मेक्सिकोला गेली. आपल्या लोकांवर काय गुजरले, ते जगाला सांगायचे होते. पण किचे भाषा जगात किती जणांना कळणार? तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितले. स्पॅनिश ही तिची नंतर शिकलेली भाषा होती. तिची हकिकत १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९९२ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच माया लोक स्पॅनिश नको असे म्हणत नाहीत. त्यांचे मागणे एवढेच, की आधी आमची भाषा शाळेत येऊ द्या आणि तिच्या आधाराने स्पॅनिश शिकवा.

स्पॅनिश भाषाही तुम्हांला वाटते तितकी दूरची नाही. स्पेनच्या काही भागांवर आठव्या शतकापासून १४९२ पर्यंत मुसलमान राजांचे राज्य होते. त्यामुळे स्पॅनिशमध्ये पुष्कळ अरबी शब्द मिसळले. आपल्या शक्करला तेथे 'असूकार' म्हणतात. एखादी गोष्ट घडावी अशी इच्छा असली की ग्वाटेमालातील मूल 'ओहाला' म्हणते. हा शब्द 'अल्लाहची इच्छा असेल तर' या अर्थाच्या अरबी शब्दांपासून झाला आहे. दप्तर, कागद, हजर हे शब्द मराठीत असेच अरबी-फारसीतून आले. ते तुम्हांला कोणी समजावून द्यावे लागले नाहीत.

माया भाषा शाळेत आणायची, तर आधी ती लिहायची कशी हे ठरायला हवे होते. एकच शब्द लोक चार प्रकारे लिहीत. १९८७ मध्ये सर्व माया भाषांसाठी एक सरकारमान्य वर्णमाला ठरली. त्यात एक अडचण होती, ती तुम्हांला चटकन कळेल. माया भाषांत 'क' आणि 'क़' हे दोन वेगळे उच्चार आहेत, अगदी उर्दूतील काफ आणि क़ाफ यांसारखे. स्पॅनिशमध्ये हा भेद नाही, म्हणून जुन्या लेखनात घोटाळा होई. नव्या वर्णमालेत दोघांना वेगळी अक्षरे मिळाली.

पुढे गोष्टी वेगाने घडल्या. १९९५ मध्ये शिक्षण मंत्रालयात द्विभाषिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग निघाला. १९९६ च्या डिसेंबरमध्ये शांतता करार झाला. २००३ च्या कायद्याने माया भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली. तरी सर्व काही सुरळीत झाले असे समजू नका. पुष्कळ ठिकाणी मातृभाषा पहिल्या दोन-तीन इयत्तांपुरतीच असते. पुस्तके अपुरी पडतात. कधी कधी शिक्षक एका माया भाषेचे आणि गाव दुसऱ्या भाषेचे असते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असे १९५६ मध्ये आपल्या राज्यघटनेत घालण्यात आले. उर्दू राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. गोंडी बोलणारे जवळजवळ तीस लाख लोक आहेत, तरी ती त्या अनुसूचीत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यतेसाठी तिला झगडावे लागले.

ग्वाटेमालाच्या शाळांत आता गणिताच्या तासाला माया अंकही शिकवतात. ते शिकायला अवघड नाहीत. एक टिंब म्हणजे एक, एक आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपला म्हणजे शून्य. तेरा लिहायचे तर दोन रेघा आणि त्यांवर तीन टिंबे. आपण दहाच्या पटीत मोजतो, माया लोक विसाच्या पटीत मोजतात, जशी आपली जुनी माणसे कोडीने मोजत. वीस झाले की वरच्या घरात एक टिंब येते आणि खालच्या घरात शिंपला. सव्वीस असतील तर वरच्या घरात एक टिंब आणि खालच्या घरात एक रेघ व तिच्यावर एक टिंब. तुमचा हजेरीचा क्रमांक या अंकांत लिहून शेजाऱ्याला ओळखायला सांगा.