हायड्रोजनचा पंप तपासतात कसा? आधी भरतात ‘खोटी गाडी’!

हायड्रोजनवर चालणारे ट्रक आणि बस रस्त्यावर उतरवून बघायला केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. देशातल्या १० मार्गांवर मिळून ३७ गाड्या आणि ९ पंप असा हा प्रयोग असून त्यात आपला पुणे-मुंबई मार्गही आहे. गॅसचा पंप म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न एकच निघतो, ‘फुटला तर?’ प्रश्न रास्त आहे. म्हणूनच असा पंप तपासतात कसा, हे समजून घ्यायला हवं.

दाब किती असतो?

कारच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते. सीएनजीच्या टाकीत साधारण २०० बार, म्हणजे ३ हजार पीएसआयच्या जवळपास दाब असतो. हायड्रोजनच्या बस-ट्रकमध्ये बहुतेक ठिकाणी ३५० बार आणि कारमध्ये ७०० बार, म्हणजे तब्बल १० हजार पीएसआय!

सायकलमध्ये हवा मारताना हातपंप खालून गरम होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तसंच इथेही होतं. गॅस झपाट्याने भरला की टाकी तापते. टाकीतला गॅस ८५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. कार ३ ते ५ मिनिटांत भरायची असेल तर गॅस आधीच उणे ४० अंशांपर्यंत थंड करून सोडावा लागतो. बाहेर ऊन किती, टाकीत आधी गॅस किती, हे बघून भरण्याचा वेग पंप स्वतः ठरवतो. ऊन जास्त असेल तर वेग कमी ठेवावा लागतो. हा हिशेब चुकला तर टाकीला धोका.

मापाच्या जागी ट्रेलर

पेट्रोल कमी आल्याचा संशय आला तर आपण पंपावर ५ लिटरचं माप मागतो. हायड्रोजन काही मापात ओतता येत नाही. त्यावर अमेरिकेत २०१५ च्या सुमारास तिथल्या सरकारी प्रयोगशाळांच्या पुढाकाराने ‘हायस्टेप’ नावाचं यंत्र तयार झालं. ते ट्रेलरवर बसवलेलं असतं. आत कारला असतात तशाच टाक्या, त्यांना दाब आणि उष्णता मोजणारी उपकरणं. नोझल लावलं की पंपाला वाटतं, खरी गाडीच आली.

पूर्वी कॅलिफोर्नियात प्रत्येक कार कंपनी आपापली गाडी आणून पंप तपासायची. त्यात कधी कधी महिने जायचे. या यंत्राने ते काम आठवड्याभरावर आलं.

तपासणीत नुसता गॅस भरून बघत नाहीत, मुद्दाम खोड्या काढतात. भरता भरता यंत्र पंपाला ‘थांब’ असा इशारा देतं. कधी ‘टाकी फार तापली’ असं खोटंच कळवतं. कधी गाडी आणि पंप यांच्यातला संपर्क तोडून टाकतं. अशा वेळी पंपाने नियमाप्रमाणे वागलं पाहिजे. ‘थांब’ म्हटल्यावर कुणी बटण दाबायची वाट न बघता त्याने आपोआप थांबलं पाहिजे. नाही थांबला तर पंप नापास.

हायड्रोजन किलोवर विकतात. त्यामुळे मीटर बरोबर आहे का, तेही वेगळं तपासतात. विशेष म्हणजे कॅलिफोर्नियात वजनमापांची तपासणी शेती खात्याकडे आहे.

वास नाही, जाळ दिसत नाही

घरच्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. गाडीच्या हायड्रोजनला तो देत नाहीत, कारण त्याने गाडीतला फ्युएल सेल खराब होतो. दिवसा हायड्रोजनचा जाळही डोळ्याला जवळपास दिसत नाही. म्हणून पंपावर गळती आणि जाळ ओळखणारे सेन्सर लागतात आणि ते चालतात का, हे वारंवार बघावं लागतं. एक गोष्ट मात्र फायद्याची. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो, तर हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका असल्यामुळे झटकन वर निघून जातो. फक्त छताखाली तो अडकता कामा नये.

नॉर्वेत काय झालं?

१० जून २०१९ रोजी नॉर्वेची राजधानी ओस्लोजवळ सँडविका इथे हायड्रोजनच्या पंपावर स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही. पण हादरा एवढा होता की जवळच्या गाडीतल्या एअरबॅग उघडल्या आणि दोघांना इजा झाली. चौकशीत कारण निघालं साधंच. जास्त दाबाच्या टाकीच्या एका बुचाचे आतले बोल्ट पुरेसे आवळले गेले नव्हते. तिथून गळती सुरू झाली, वाढत गेली आणि पेट घेतला.

गाडीची टाकी भरण्याशी या स्फोटाचा संबंध नव्हता. म्हणजे ‘खोटी गाडी’ लावूनही हा दोष सापडला नसता. त्यासाठी जोडणी करतानाच प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की नाही, हे दुसऱ्या माणसाने बघून नोंद करायला हवी. पंप चांगला भरतो, एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही. दोन्ही तपासण्या लागतात.

आपण काय विचारायचं?

आपल्याकडे दाबाखालच्या गॅसच्या परवानग्या केंद्राची ‘पेसो’ ही संस्था देते. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. उद्या हायवेला आपल्या गावाजवळ असा पंप आला तर ग्रामसभेत चार प्रश्न जरूर विचारावेत. पंपाची तपासणी कंपनीशिवाय दुसऱ्या कुणी केली का? मे महिन्याच्या उन्हात भरून बघितलं का? गळतीचे सेन्सर शेवटचे कधी तपासले? आणि काही झालं तर गावाला सांगणार कोण?

पंपावर गेल्यावर एवढं लक्षात ठेवा, वास आला नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. भोंगा वाजला की गाडी तिथेच सोडून लांब व्हा.