शोकाच्या काळात हस्तकलेचा आधार

बंगळुरू : जवळच्या व्यक्तीच्या निधनानंतर अनेक जण विणकाम, भरतकाम किंवा शिवणकामाकडे वळतात. हा केवळ वेळ घालविण्याचा मार्ग आहे, की त्यातून दुःख सोसण्यास खरोखरच साहाय्य होते? दक्षिण भारतातील अनुभव आणि मानसशास्त्रातील संशोधन यांतून या प्रश्नाचे बऱ्याच अंशी उत्तर मिळते.

'निम्हान्स' आणि त्सुनामी

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था म्हणजेच 'निम्हान्स' 1974 मध्ये स्थापन झाली. मानसिक आजारातून सावरणाऱ्या रुग्णांना संस्थेच्या पुनर्वसन विभागात शिवणकाम, मेणबत्त्या तयार करणे, बेकरी अशी कामे शिकविली जातात. दिवसाला पुन्हा क्रम यावा आणि आपल्या हातून काही घडू शकते हा विश्वास परत मिळावा, हा या कामांचा हेतू असतो.

शोक हा आजार नव्हे. मात्र हाच विचार शोकग्रस्तांनाही लागू पडतो, असे 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर दिसून आले. या आपत्तीत भारतात दहा हजारांहून अधिक लोक मरण पावले आणि तमिळनाडूचा किनारा सर्वाधिक होरपळला. 'निम्हान्स'च्या तज्ज्ञांनी तेथील स्वयंसेवकांना मानसिक आधार देण्याचे प्रशिक्षण दिले. त्याच सुमारास पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविल येथील 'उपासना' या वस्त्ररचना संस्थेने कोळी समाजातील महिलांसाठी एक निराळा उपक्रम सुरू केला. उमा प्रजापती यांच्या पुढाकाराने या महिला उरलेल्या कापडाच्या तुकड्यांपासून चिमुकल्या बाहुल्या तयार करू लागल्या. बाहुलीचे नाव ठेवण्यात आले 'त्सुनामिका'.

ही बाहुली विकली जात नाही, भेट म्हणून दिली जाते. महिलांना मोबदला मिळावा यासाठी देणग्यांचा आधार घेण्यात आला. ज्यांनी आप्त गमावले आणि ज्यांना समुद्राचीच धास्ती वाटू लागली, त्या महिला एकत्र बसून काम करू लागल्या. पुढे लाखो बाहुल्या देशोदेशी पोहोचल्या.

दिलासा का मिळतो?

नेदरलँड्समधील संशोधक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये शोकाविषयी एक सिद्धान्त मांडला. त्यानुसार शोकग्रस्त माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करीत असतो. कधी तो गेलेल्या व्यक्तीच्या आठवणीत बुडतो, तर कधी रोजच्या व्यवहारात गुंततो. दुःखापासून अधूनमधून मिळणारी ही सुटका म्हणजे मृत व्यक्तीचा विसर पडणे नव्हे. सावरण्यासाठी दोन्ही गोष्टी आवश्यक असतात.

हस्तकलेत या दोहोंना जागा मिळते. टाके मोजताना लक्ष हातांकडे राहते, तरीही मन आठवणींसाठी मोकळे असते. चार जणी एकत्र शिवत बसल्या, तर एकमेकींच्या डोळ्यांत न पाहताही बोलता येते आणि गप्प राहिले तरी अवघडलेपण येत नाही. शिवाय, मृत्यूपुढे हतबल ठरलेल्या माणसाला निदान एक वस्तू आपल्या हातून पूर्ण झाल्याचे समाधान लाभते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. जुनी लुगडी आणि धोतरे यांचे थर धावदोऱ्याने जोडून गोधडी शिवण्याची पद्धत घरोघरी होती. आजीच्या पश्चात तिच्या लुगड्याची गोधडी नातवंडांच्या अंगावर येते, तेव्हा तिचे कापड आणि तिची ऊब दोन्ही घरातच राहतात. अमेरिकेत एड्सने मरण पावलेल्यांच्या आप्तांनी याच भावनेतून शिवलेली प्रचंड गोधडी 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रथम अंथरण्यात आली. तीत 1,920 तुकडे होते. प्रत्येक तुकडा सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे साधारण एका कबरीएवढा होता.

मर्यादा कोणत्या?

विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार विणणाऱ्यांनी आपल्याला अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले. परंतु ही माहिती त्यांनी स्वतःच दिलेली होती आणि पाहणी शोकग्रस्तांपुरती नव्हती. त्यामुळे हस्तकलेला उपचार म्हणता येणार नाही. ज्याला सुई हाती धरावीशी वाटत नाही, त्याच्यावर तिची सक्तीही करू नये.

काही जणांचा शोक काळाबरोबर ओसरत नाही. सहा महिने उलटल्यानंतरही तीव्र ओढ वा वेदना कायम राहून दैनंदिन जीवन विस्कळीत होत असेल आणि हा शोक त्या समाजाच्या रूढ मर्यादेपलीकडे जात असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणानुसार तो 'प्रदीर्घ शोक विकार' मानला जातो. अशा वेळी तज्ज्ञांची मदत घेणे आवश्यक ठरते. 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली असून, तिच्या उभारणीत 'निम्हान्स'चा मोठा वाटा आहे. 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.