युद्धाचा शेजार किती लांब असतो?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि कापूरहोळ मागे पडलं की किकवी लागतं. पूर्वेच्या अंगाला पुरंदर, नैर्ऋत्येला भोरच्या पलीकडे रोहिडा, आणि मधे हे महामार्गावरचं गाव. इथल्या एखाद्या घरातली नात उद्या शिकायला पोलंडला निघाली, तर आजी आधी काय विचारेल? "तिथं शेजारीच लढाई चाललीय म्हणत्यात. पोरीनं जावं का?"

पोलंडचा नकाशा जरा बाजूला ठेवू. या प्रश्नाचा पहिला धडा आजीच्या अंगणातून दिसणाऱ्या मुलखातच घडून गेला आहे.

१६६५ च्या मार्चअखेरीस मोगल सरदार मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला. एप्रिलात वज्रगड पडला, पुढे मुरारबाजी देशपांडे पडले. तोफा पुरंदरावर चालल्या होत्या. पण त्याच एप्रिलात जयसिंगांनी दाऊदखान कुरेशीला फौज देऊन भलतीकडेच धाडलं: राजगड, सिंहगड आणि रोहिड्याच्या मुलखात. त्याच्यावर गड जिंकायचं काम नव्हतं. खोऱ्यांतली गावं जाळायची, गुरं आणि माणसं धरायची, म्हणजे गडांची रसद आटेल, असा हिशेब होता. रोहिड्याभोवतालची गावं त्या आगीत गेली. जूनमध्ये तह झाला आणि शिवाजी महाराजांचे तेवीस किल्ले गेले. ते आपण शाळेत पाठ करतो. जळालेली गावं मात्र पाठ करत नाही.

गंमत बघा, वेढा एका डोंगराला आणि आग दुसऱ्याच खोऱ्यात. युद्ध शेजाऱ्याकडे येतं ते अंतर मोजून येत नाही. त्याला तिथून काय हवं आहे, ते पाहून येतं.

आता पोलंड. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजार. म्हणजे पोलंड आकाराने जवळजवळ महाराष्ट्रच! त्याची राजधानी वॉर्सा ते लढाई चाललेल्या युक्रेनची राजधानी कीव हे अंतर सरळ रेषेत पावणेसातशे-सातशे किलोमीटर भरतं. पुणे ते नागपूर रस्त्याने साधारण तेवढंच. गडचिरोलीच्या पलीकडे कुठे तोफा उडाल्या म्हणून कोणी किकवीची यात्रा रद्द करेल का? 'शेजारचा देश' म्हटलं की आपल्याला सामाईक भिंतीचं घर दिसतं. देशांचा शेजार तसा नसतो. एकाच देशाचं एक टोक युद्धाच्या उंबऱ्यावर असतं, तर दुसऱ्या टोकाला लोक आठवडी बाजार करत असतात.

पण दाऊदखानाचा धडा इथेही लागू पडतो. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात झेशुफ नावाचं शहर आहे. युक्रेनला जाणारी पाश्चात्त्य शस्त्रास्त्रं मोठ्या प्रमाणात तिथल्या विमानतळावर उतरतात. म्हणजे रसदेची जागा. शांत, सुंदर शहर, पण युद्धाच्या नजरेत भरणारं. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियाची ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसली, तेव्हा वॉर्सासोबत झेशुफ आणि लुब्लिनचेही विमानतळ काही तास बंद ठेवावे लागले. पोरीला प्रवेश कुठल्या देशात मिळाला, यापेक्षा कुठल्या शहरात मिळाला हे विचारणं जास्त शहाणपणाचं.

याची उलटी बाजू तर आणखी थक्क करणारी. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया-युक्रेन युद्ध पेटलं आणि युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. आत हजारो भारतीय विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्राचेही कितीतरी. ते बाहेर पडले ते शेजाऱ्यांच्या दारांतून: पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, मोल्दोव्हा. बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन 'ऑपरेशन गंगा'चं पहिलं विमान २६ फेब्रुवारीला उतरलं ते मुंबईत. एकूण नव्वद उड्डाणं झाली, त्यांतली चौदा हवाई दलाची. ज्या देशांत 'जावं का' असं आपण विचारतो, तेच त्या पोरांसाठी सुटकेचा उंबरा होते. युद्धाच्या शेजारचा देश म्हणजे धोका, हे अर्धंच खरं. त्यातून निघायचं दार म्हणजेही तोच देश.

आता मान वर करू. जमिनीवरचा शेजार नकाशात तरी दिसतो. आकाशातला दिसतही नाही.

१७ जुलै २०१४. मलेशियाचं एमएच-१७ हे प्रवासी विमान ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालं होतं. पूर्व युक्रेनमध्ये तेव्हा लढाई चालू होती, म्हणून तिथलं आकाश ३२ हजार फुटांपर्यंत बंद केलेलं होतं. विमान ३३ हजार फुटांवर होतं. नियमाच्या वर फक्त हजार फूट, म्हणजे जेमतेम तीनशे मीटर. पायथ्यापासून पुरंदरचा माथाही याहून उंच आहे! जमिनीवरून सुटलेल्या बुक क्षेपणास्त्राला त्या रेषेशी काही देणंघेणं नव्हतं, ते त्या विमानाच्या दुप्पट उंची सहज गाठतं. २९८ माणसं गेली. नंतरच्या चौकशीत कळलं की त्या एका दिवसात पूर्व युक्रेनवरून तब्बल १६० प्रवासी विमानं गेली होती. त्या घडीला दिल्लीहून बर्मिंगहॅमला निघालेलं एअर इंडियाचं विमानही त्याच भागात होतं. त्यातले प्रवासी युद्धाच्या देशात निघाले नव्हते, त्याच्या शेजारीही नाही. ते नुसते वरून चालले होते.

म्हणून अलीकडे युद्ध पेटलं की आकाशाचे मोठाले तुकडे बंद होतात आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांतून विमानं एकामागे एक जातात. खंबाटकी घाटात अपघात झाल्यावर वाहतूक एका बाजूने सोडतात ना, अगदी तसंच. प्रवास लांबतो, तिकीट महागतं, पण त्यामागे एमएच-१७ चा धडा असतो.

आणि एक शेजार असा, जो ना जमिनीवर दिसतो ना आकाशात. आपला मोबाईल वाट दाखवतो तो सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या इशाऱ्यांवरून. ते इशारे इथे पोहोचेपर्यंत इतके क्षीण होतात की जवळच्या थोड्या ताकदीच्या लहरीसुद्धा त्यांना बुडवू शकतात, किंवा त्यांच्या जागी खोटे इशारे पेरू शकतात. ड्रोन आणि क्षेपणास्त्रं चकवायला सैन्यं नेमकं हेच करतात. मग इस्रायलमध्ये बसलेल्या माणसाचा फोन सांगतो, 'तुम्ही बैरूतच्या विमानतळावर आहात!' २०२४ मध्ये याच कारणामुळे फिनलंडच्या विमान कंपनीने एस्टोनियातल्या तार्तू शहराची उड्डाणं महिनाभर थांबवली. एस्टोनियात एकही गोळी सुटली नव्हती. युद्धाच्या नुसत्या लहरी सीमा ओलांडून आल्या होत्या. वैमानिकांकडे वाट ओळखायची दुसरी साधनं असतात, त्यामुळे विमानं भरकटून पडत नाहीत. पण युद्धाचा शेजार लहरींच्या रूपानेही असतो, हे कळल्यावर जग जरा वेगळंच दिसू लागतं.

'तिथे जावं का?' हा प्रश्न आपल्या देशाबद्दलही पडू शकतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, श्रीनगरपासून थेट भूज आणि राजकोटपर्यंत. त्यांत पुणे नव्हतं. जगभरच्या घरांत तेव्हा कोणीतरी विचारत असेल, 'भारतात जावं का?' आणि किकवीच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला, आपल्याबद्दल कोणी असं विचारत असेल, हे स्वप्नातही आलं नसेल.

मग आजीला सांगायचं काय? 'जा' किंवा 'नको' असं एका शब्दाचं उत्तर नाही, पण विचारायचे प्रश्न आहेत. शहर सीमेपासून किती दूर? जवळपास लष्करी तळ, बंदर, शस्त्रांची ये-जा आहे का? विमान कुठून वळसा घालून जाणार? आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने काय सूचना दिली आहे? ती नीट वाचावी, कारण पुष्कळदा एखाद्या देशाचा विशिष्ट भागच टाळायला सांगितलेला असतो. प्रवास विम्याचे बारीक अक्षरांतले नियमही वाचावेत. युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत धरलेलं नसतं. पोचल्यावर दूतावासात नाव नोंदवावं, थोडी रोकड जवळ ठेवावी. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: विमानतळ बंद झाला, तर परतीची दुसरी वाट कुठली? रेल्वेने, बसने, कुठल्या सीमेवरून? ज्या शेजाराला दोन दारं आहेत, तिथे राहणं एका दाराच्या शेजारापेक्षा कितीतरी सोपं.

शेवटी आजीला एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधली माणसं आधी सायबेरियात हाकलली गेली, तिथून सुटून इराणमार्गे भारतात आली. १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या वसाहतीत राहिले. तिथे शाळा होत्या, प्रार्थना होत्या, पंचगंगेचा काठ होता. ते १९४८ पर्यंत राहिले. आणि तेव्हा भारत शांत होता का? १९४२ मध्ये जपानी बॉम्ब विशाखापट्टणम, काकीनाडा आणि कोलकात्यावर पडले होते. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाची लढाई झाली. म्हणजे त्या आयांनी आपली मुलं आणली ती युद्धाच्या शेजारच्याच देशात. पण देशाच्या कुठल्या भागात, हे महत्त्वाचं ठरलं.

वळिवडं किकवीच्या दारातल्या याच महामार्गाने दोनशेएक किलोमीटर पुढे. आजीला पोलंड लांबचं वाटत असेल. पोलंडच्या काही आज्यांना मात्र कोल्हापूर चांगलं ठाऊक आहे.