आई-बाबांना मुंबई दाखवताना: पॉइंट कमी, मुंबई जास्त

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा हेडफोन घरी राहिले असतील, तर हा घ्या लेखी स्वरूपात.

आजचा विषय: घरच्यांना मुंबई दाखवणं. सुट्टी लागली की गावाकडून आई-बाबा, आजी, मावशी, तिची मुलं असे सहा-सात जण येतात, डोंबिवलीला नाहीतर विरारला काकांकडे उतरतात, आणि सगळे बघतात तुमच्याकडे. का? तर मोबाइल तुमच्या हातात आहे. मग मॅप उघडायचा, सहा ठिकाणांवर खूण करायची, आणि सगळी एका दिवसात बसवायची. मॅपवर ती बसतातही! पण दुपारी चार वाजता आजी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते."

हे वाक्य नीट ऐका. मोठी माणसं तक्रार करत नाहीत, ती हळूच बाजूला होतात. आणि अनेकांच्या आई-बाबांची, आजीची मुंबई एकदाच होते.

आता असं का होतं ते समजून घेऊ. मॅप वेळ सांगतो तो एकट्या, धडधाकट माणसाचा. आपल्या कामात एक साधी गोष्ट असते: सिस्टिमचा वेग तिच्या सगळ्यात हळू भागाइतकाच असतो. इथंही तेच. ग्रुपचा वेग म्हणजे आजीचा वेग. शिवाय प्रत्येक बदलाचा खर्च असतो. गाडीतून उतरा, सगळे आले का मोजा, रस्ता ओलांडा, टॅक्सी थांबवा. टॅक्सीत चारच माणसं बसतात, म्हणजे सहा जणांना दोन टॅक्सी. आमच्या सहा जणांच्या ग्रुपमध्ये मी घड्याळ लावून पाहिलं, एका बदलाला सरासरी २० मिनिटं गेली. पाच ठिकाणं म्हणजे १०० मिनिटं नुसती उभं राहण्यात! म्हणून दिवसाला दोन मोठी ठिकाणं, फार तर तीन, आणि तीही एकाच भागातली.

दुसरी गोष्ट, मुंबईची दिशा. शहर उत्तर-दक्षिण लांबट आहे. सकाळी ८ ते ११ लोंढा दक्षिणेकडे जातो, संध्याकाळी ५ ते ८:३० उत्तरेकडे परततो. पाहुणे डोंबिवली-विरारला उतरलेले, पाहायचं दक्षिण मुंबईत. म्हणजे तुमची दिशा नेमकी गर्दीचीच. दिशा बदलता येत नाही, पण वेळ बदलता येते. ११ नंतर निघा, रात्री ९ नंतर परता. परतताना सीएसएमटी किंवा चर्चगेटलाच गाडी पकडा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे आजीला बसायला जागा मिळायची शक्यता जास्त.

तिसरी गोष्ट, सुट्टीचे वार. घारापुरी, म्हणजे एलिफंटा, सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. रविवारी लोकलला गर्दी कमी, पण मेगाब्लॉक असतो. तो बहुतेक वेळा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो. आदल्या दिवशी कुठल्या मार्गावर आहे ते बघून ठेवा.

आता शनिवार-रविवार-सोमवार असा प्लॅन लावू.

शनिवार, दक्षिण मुंबई. भर उन्हात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेली ही इमारत जॉर्ज विटेटची. आत सावली आहे, बसायला जागा आहे. ऊन कलल्यावर गेटवे. तोही विटेटचाच, १९२४ मध्ये खुला झाला. आजीला एक गोष्ट नक्की सांगा: फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. नुसत्या फोटोपेक्षा हे जास्त लक्षात राहतं. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हचा कट्टा, मग जेवण, आणि शेवटी दिव्यांनी उजळलेलं सीएसएमटी. १८८८ मध्ये पूर्ण झालेलं हे स्टेशन २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बघूनही होतं आणि डोंबिवलीची गाडीही तिथूनच.

रविवार, घारापुरी. ब्लॉक सुरू व्हायच्या आत गेटवेला पोहोचा आणि सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा. जायला सुमारे तास, यायला तास. जेट्टीपासून छोटी ट्रेन आहे, पण त्यानंतर साधारण १२० पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर डोलीची चौकशी करा, लाजू नका. वर सुमारे २० फूट उंच सदाशिव आहे, त्याच्यासमोर निवांत थांबा. खाऊ मात्र पिशवीत झाकून ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात, तेव्हा हा दिवस प्लॅनमधून काढाच.

सोमवार, भायखळ्याची राणीची बाग. मुलांना पेंग्विन, मोठ्यांना झाडांची सावली. आणि एक गंमत. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं ते तिथल्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आता बेटावर नाही, इथं भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. काल बेट पाहिलं, आज त्याचा हत्ती!

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर कुणी बोलत नाही. आई, मावशी, आजी बाहेर पडल्या की पाणी पीत नाहीत. कारण स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नसते. मुंबईच्या दमट उन्हात यातून चक्कर येते, लघवीला जळजळ होते. "पाणी पी" म्हणून उपयोग नाही. "पुढचं स्वच्छतागृह संग्रहालयात, अर्ध्या तासात" असं सांगा, मग बाटली आपोआप उघडते. म्हणून मॅपवर पॉइंटच्या आधी स्वच्छतागृहांवर खुणा करा. बोटीत बसायच्या आधी तर सगळ्यांना जाऊन येऊ द्याच.

लोकलसाठी दोन नियम घरीच ठरवा. एक, उतरायचं स्टेशन प्रत्येकाला तोंडपाठ हवं, कारण बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असतील. दोन, कुणी मागे राहिलं तर त्याने तिथंच थांबायचं, बाकीच्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. सीएसएमटीला चुकामूक झाली तर इंडिकेटरखाली भेटायचं. आजीच्या पिशवीत तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठीची नाही.

आणि हो, प्लॅनमधली शेवटची दोन ठिकाणं आत्ताच खोडून टाका. तो वेळ मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर द्या. आजीच्या शेजारी बसा, भेळ घ्या, आणि उठायचं कधी ते तिला ठरवू द्या.

तुमच्या घरच्या ट्रिपला काय उपयोगी पडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!