जुनी गाडी कधी सुरू होते, कधी नाही? बॅटरी बदलण्याआधी एवढं तपासा

रात्री पेशंटला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं असतं आणि नेमकी तेव्हाच गाडी सेल्फ घेत नाही. सकाळी मेकॅनिककडे नेली की पहिल्याच सेल्फला सुरू! दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कायमची बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं सोपं असतं. मधूनच दगा देणारी अवघड, कारण गॅरेजमध्ये दोष दिसतच नाही. मग अंदाजाने आधी बॅटरी, नंतर सेल्फ मोटर बदलली जाते. काही हजार रुपये जातात आणि दुखणं तसंच राहतं.

त्यामुळे गाडी अडते, त्याच वेळी दोन मिनिटं तिच्याकडे नीट लक्ष द्या. गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. आवाज आणि लाइट यांवरून दोष कोणत्या भागात आहे ते बरंचसं कळतं.

लाइट एकदम मंद होतात, सेल्फ जड फिरतो किंवा कट-कट वाजतो

बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर ते काढून खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. काढताना आधी मायनस काढायचा, लावताना तो शेवटी लावायचा. बॅटरीजवळ बिडी-काडी पेटवू नका. तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो.

मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी उतरलेली. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर चार्जिंगमध्ये दोष आहे. आधी अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि वायरी दाखवा. नाहीतर नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणारच.

लाइट चांगले, पण नुसता एक 'टक' आवाज

इथे सेल्फच्या सोलेनॉइडचे पॉइंट किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. पण सेल्फ खोलण्याआधी अर्थिंगची पट्टी बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जायला इंजिन, बॉडी आणि बॅटरीचा मायनस जोडणारी जाड वायर किंवा पट्टी लागते. ती गंजली किंवा तिचा बोल्ट सैल झाला की कधी कॉन्टॅक्ट मिळतो, कधी नाही. गाडीच्या लहरीपणाचं मूळ अनेकदा इथेच असतं.

तपासणी सोपी आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ, उघड्या लोखंडाला लावा. केबल पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवा. आता सेल्फ जोरात फिरला तर दोष अर्थिंगमध्ये आहे. पट्टी काढून दोन्ही जागा घासून घट्ट आवळल्या तरी अनेकदा काम भागतं.

लाइट चांगले, पण काहीच आवाज नाही

इग्निशन स्विच, सेल्फचा रिले किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर तपासून घ्या. वायर उंदरांनी कुरतडली आहे का तेही बघा. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही

इथे बॅटरी किंवा सेल्फ बदलून उपयोग नाही. इंधन किंवा स्पार्क कुठेतरी अडतोय. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली ऑन केली की मागच्या टाकीतून पंपाचा एक-दोन सेकंद बारीक घूं आवाज येतो. तो आला नाही तर पंपाचा फ्यूज, रिले आणि वायर बघा. गाडी गरम असतानाच अडते आणि गार झाल्यावर सुरू होते, असं असेल तर मेकॅनिकला क्रँक सेन्सर तपासायला सांगा. जुन्या डिझेल गाडीत फिल्टरमध्ये पाणी साचलं किंवा लाइनने हवा धरली की हाच त्रास होतो. फक्त थंडीच्या पहाटेच अडत असेल तर ग्लो प्लग, म्हणजे हीटर, तपासून घ्या.

गाडीचीही नोंद ठेवा

गाडी अडली की तारीख, वेळ, इंजिन गरम होतं की गार, पाऊस होता का, आवाज कसा आला, लाइट मंद झाले का आणि शेवटी कशाने सुरू झाली, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. जमलं तर आवाजासकट व्हिडिओ काढा. अशा तीन-चार नोंदी दाखवल्या तर मेकॅनिकला अंदाजाने पार्ट बदलत बसावं लागत नाही. आणि 'बॅटरी गेली' असं कुणी म्हटलंच, तर आधी मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. पैसे त्यानंतरच काढा.