पिसाची लेखणी आणि पोलादाचे कारखाने

वॉशिंग्टनच्या फर्स्ट स्ट्रीटवरच्या संगमरवरी इमारतीत सुनावणीच्या दिवशी वकिलांच्या टेबलांवर पिसाच्या पांढऱ्या लेखण्या मांडलेल्या असतात. लिहायला त्या कुणी वापरत नाही, आठवण म्हणून घरी नेतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाकडे हत्यार म्हणाल तर एवढंच. फौज राष्ट्राध्यक्षांकडे, तिजोरी काँग्रेसकडे. १९३५ पर्यंत तर कोर्टाला स्वतःची इमारतही नव्हती. संसदेच्या कॅपिटॉलमध्येच ते बिऱ्हाडकरूसारखं राहत होतं.

मग राष्ट्राध्यक्ष या कोर्टाचं ऐकतात तरी का?

८ एप्रिल १९५२. कोरियात युद्ध चालू, आणि इकडे पोलाद कामगारांचा संप काही तासांवर आलेला. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी रात्री देशाला उद्देशून भाषण केलं आणि कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. मॅनेजर तेच, भट्ट्या त्याच. फक्त कारभार आता सरकारच्या नावाने. संप ८० दिवस थोपवता येईल असा टाफ्ट-हार्टली कायदा हाताशी होता. पण ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरूनही १९४७ मध्ये काँग्रेसने तो रेटून मंजूर केलेला. तो वापरणं त्यांच्या जिवावर आलं असणार.

पोलाद कंपन्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात सरकारी वकिलाने भलतंच ताणलं. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराला लगाम दोनच, निवडणूक आणि महाभियोग, असं त्याने सांगून टाकलं. सरकारची बाजू तिथेच लंगडी पडली.

२ जूनला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ६ विरुद्ध ३. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायाधीश ह्यूगो ब्लॅक यांचं म्हणणं सरळ होतं: हा अधिकार काँग्रेसच्या कायद्यात नाही, राज्यघटनेतही नाही, राष्ट्राध्यक्षांनी कायदा राबवायचा, करायचा नाही. नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले. ट्रुमन यांच्या चौघांपैकी दोघे त्यांच्याच विरोधात गेले! तरी कारखाने त्याच दिवशी परत केले गेले. पुढे ब्लॅक यांनी ट्रुमनना घरी जेवायला बोलावलं. निकाल नाही पण बर्बन आवडली, असं ट्रुमन म्हणाल्याचं सांगतात.

आज मात्र वकील ब्लॅकपेक्षा त्याच खटल्यातले दुसरे न्यायाधीश रॉबर्ट जॅक्सन यांच्या सहमतीच्या टिपणाचा आधार जास्त घेतात. काँग्रेस पाठीशी असेल तर राष्ट्राध्यक्षांचं बळ सर्वात जास्त, ती गप्प असेल तर सगळं धूसर, आणि ती विरोधात असेल तर बळ सर्वात कमी. रूझवेल्ट यांचे अ‍ॅटर्नी जनरल राहिलेल्या माणसाने हे लिहावं, यात गंमत आहे.

नेहमीच ऐकलं गेलं असंही नाही. १८६१ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांचा एका कैद्याबाबतचा निवाडा लिंकन सरकारने बाजूला सारला. उलट २४ जुलै १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना स्वतःच्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्यायला लावणारा निकाल एकमुखाने, ८ विरुद्ध ०, लागला. त्यांतले तिघे निक्सन यांनीच नेमलेले. १६ दिवसांत निक्सन पायउतार झाले.

१ जुलै २०२४ ला पारडं दुसरीकडे झुकलं. राष्ट्राध्यक्षांच्या घटनादत्त गाभ्यातल्या कृत्यांना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे, इतर अधिकृत कामांनाही ते गृहीत धरायचं, असं सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ६ विरुद्ध ३ बहुमताने लिहिलं. विरोधी मत सोनिया सोटोमेयर यांचं. असं मत ‘आदरपूर्वक’ असहमती नोंदवून संपवण्याचा कोर्टाचा रिवाज आहे. त्यांनी असहमती नोंदवली, आणि तेवढा एक शब्द गाळला.